खुर्ची, बाबांसकट

आमच्या घराचा दिवाणखाना जुना दिसावा, असा ठराव सूनबाईंनी मांडला आणि आमच्या चिरंजीवांनी त्याला तत्काळ अनुमोदन दिले. त्यानुसार घरातल्या सर्व जुन्या वस्तू प्रथम भंगारात काढण्यात आल्या. त्यांत माझी आरामखुर्चीही गेली. ती जुनी होती, पण जुनी दिसत नव्हती, असे कारण मला कळवण्यात आले. माझी तात्पुरती बदली स्वयंपाकघरातल्या स्टुलावर झाली.

"बाबा, तोंड पाडू नका," सूनबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी खास जुनी खुर्ची आणू या. म्हणजे तुम्हाला दिवाणखान्यात बसता येईल."

जुन्या वस्तूंचे ते दुकान तीन मजली होते. आत धूळ इतकी सारखी पसरलेली होती, की रोज सकाळी ती टाकायला वेगळा माणूस नेमलेला असावा. पांढरे हातमोजे घातलेल्या विक्रेत्याने आम्हाला एका खुर्चीपुढे उभे केले आणि आजाऱ्याची प्रकृती सांगावी तशा खालच्या आवाजात किंमत सांगितली.

मला राहवले नाही. "अहो, हिची बैठक फाटली आहे."

"वा! साहेबांची नजर पारखी आहे," असे म्हणून त्याने पाचशे वाढवले.

"एक पाय आखूड आहे."

आणखी पाचशे.

"आणि ही वाळवी?"

"मूळची आहे," तो अभिमानाने म्हणाला. "बाहेरून आणून सोडलेली नाही. हवं तर लेखी देतो."

मुलगा माझ्या कानाशी लागला. "बाबा, हात जोडतो, गप्प बसा. तुमचं एकेक वाक्य पाचशेला पडतंय."

तेव्हा कुठे मला या बाजाराची रीत उमगली. मी सूर बदलला. "काही म्हणा, खुर्ची भक्कम आहे हो. अगदी काल केल्यासारखी!"

विक्रेत्याचा चेहरा उतरला. पाठोपाठ किंमतही उतरली.

"आणि पॉलिश काय झकास आहे!"

"साहेब, जरा हळू. बाकीची गिऱ्हाइकं ऐकतायत."

"आरामशीर तर इतकी असेल..." असे म्हणत मी तिच्यात बसलो.

विक्रेता किंचाळला. वरच्या मजल्यावरून मालक धावत आले. "बसले? खुर्चीत? दीडशे वर्षांत ही वेळ आली नव्हती!"

बसल्यामुळे खुर्ची 'वापरलेली' या सदरात गेली होती आणि वापरलेला माल ठेवणे हे दुकानाच्या प्रतिष्ठेला धरून नव्हते. मला उठवावे, तर तिचा पाय निखळण्याचा धोका होता. यावर विचारविनिमय चालू असतानाच एक बाई पुढे आल्या आणि चष्मा चढवून आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि खुर्चीला, न्याहाळू लागल्या.

"हा जोड आहे का?"

मालक मुरलेले होते. "जोडच आहे. सुटं देत नाही."

"आणि हे? सगळं मूळचंच ना?"

आमचा मुलगा लहानपणापासून खरे बोलणारा. "उजवा गुडघा नवीन बसवलाय," तो म्हणाला. मालकांनी खिन्नपणे थोडी सूट दिली. "वरचे दातही." आणखी सूट.

"मग मी घेतेच," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, रांग आहे की नाही? आम्ही आधी बघितलंय!" सूनबाई उसळल्या आणि त्यांनी आकडा वाढवला. बाईंनी त्यावर चढवला. सूनबाईंनी त्याच्याही वर नेला.

"अगं, ते आपलेच आहेत!" मुलगा कळवळला.

"हळू बोल! आपला जीव अडकलाय हे कळलं, तर भाव आणखी चढेल."

सौदा आम्हालाच मिळाला. गोणपाटात गुंडाळून, 'आडवे ठेवू नये' अशी चिठ्ठी लावून आम्हा दोघांना टेम्पोने घरी पोचवण्यात आले.

आता दिवाणखान्यात, अगदी मधोमध, माझी जागा कायम झाली आहे. वर पिवळा दिवा आहे. मऊ फडक्याने मला नेमाने पुसतात. पाहुणे हातात कप घेऊन माझ्याभोवती फिरतात. कुणीतरी 'कसे आहात?' म्हणेल, या आशेने मी घसा खाकरतो. पाहुणे सूनबाईंकडे वळून विचारतात, "शेवटी केवढ्याला पडले?"

हसताय? मग खरे सांगा, इथवर वाचत आलात ते माझी खुशाली विचारायला, की तो आकडा ऐकायला?