पडलेला गडी उठला का?

"आरं ए! पाठ लागलीया त्येची! सोड! सोड म्हनतो न्हवं!"

सुभेदारांच्या सोप्यात गणपत वस्ताद टीव्हीवर ओरडत होते. टीव्हीतला गोरा पैलवान काही ऐकेना. उताण्या पडलेल्या गड्याच्या छातीवर त्यानं दोरावरून उडी घेतली, तसे वस्ताद उठले, पडद्यापुढं जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी कुस्ती सोडवली. मैदानात आमची जाणती माणसं अशीच मधी पडून कुस्ती सोडवतात. पण वस्तादांची पाठ म्हणजे साखर कारखान्याचं फाटक. पुढची पाच मिनिटं चाळीस माणसांनी नुसती त्यांची बंडी बघितली.

सुभेदार मिलिट्रीतून निवृत्त होऊन आले ते हा टीव्ही घेऊनच. साताऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. सिंहगडावरून येणारं चित्र पकडायला त्यांनी अँटेना एवढी उंच चढवली होती की घारी तिला वळसा घालून जात. तरी पडद्यावर निम्म्या मुंग्याच. एखाद्या रविवारी संध्याकाळी परदेशी फ्री स्टाइल कुस्त्या दाखवीत. त्या दिवशी गावातली म्हातारी माणसंसुद्धा दुपारचा चहा सोडून जागा धरायला येत.

कुस्तीवर प्रत्येकाचं मत ठरलेलं. सुभेदार म्हणत, "सब ड्रामा है! एवढ्या जोरात आपटला तर माणूस जगंल का?" सुभेदारीण काकूंना बुरखेवाल्या पैलवानाची काळजी. "त्येला आई न्हाई का रं? अशा तोंडानं घरी कसा जातोय?" पांडू न्हावी पैलवानांच्या केसांवर डोळा ठेवून असे. एवढे केस आपल्या हाताखाली आले तर दोन गाद्या भरतील, असा त्याचा हिशेब.

वस्तादांचं मत कुणालाच कळत नसे. वास्तविक ह्या विषयातला अधिकारी माणूस तोच. कान पुरीसारखे फुगलेले. मी शिकवतो तो दुसरीचा अख्खा वर्ग मांडीवर बसेल. तरुणपणी म्हणे पहाटे एवढ्या जोर-बैठका काढत की शेजारच्या घरातली भांडी फळीवरून खाली येत. पण खरी-खोटीच्या वादात ते पडतच नसत. "पाठ लागली का? इषय संपला," एवढंच त्यांचं शास्त्र.

विषय मात्र तिथं संपत नसे. जिंकलेल्याचा हात वर झाला की टीव्हीवर फुलांचं चित्र यायचं, मग शेतीचा कार्यक्रम. लोक उठायचे. वस्ताद तिथंच.

"आवं सुभेदार, त्यो पडलेला गडी उठला का?"

"उठला असंल की. पडद्यामागं चा पीत बसला असंल."

"तुमी बघितला?"

"मी कसा बघीन? इथंच हाय की मी तुमच्यासंगं."

"मंग कशाला बोलताय?"

आणि सोमवारी सकाळी प्रार्थना चालू असताना वस्ताद शाळेच्या दारात. "गुर्जी, टीवीच्या हापिसाला पत्र लिव्हा." मी लिहिलं. 'स. न. वि. वि. काल संध्याकाळी पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवाला जो गडी पडला, तो उठला किंवा कसे, ते उलट टपाली कळवावे.' अशी तीन पत्रं गेली. उत्तर एकाचंही नाही. गावाला करमणूक झाली. वस्ताद दिसले की सुभेदार पाठीवर पडून डोळे मिटायचे, अन् मग एक उघडून म्हणायचे, "उठू का न्हाई वस्ताद?" सगळे हसायचे. वस्ताद हसत नसत.

चौथं पत्र लिहायला बसलो आणि मी पेन खाली ठेवलं. "वस्ताद, त्या गोऱ्याचं तुम्हाला एवढं काय?"



"गोऱ्याचं न्हाई. बिरूचं."

पंचवीस वर्षांपूर्वी कडेगावच्या मैदानात त्यांची जोड लागली होती आटपाडीकडच्या बिरूशी. मेंढपाळाघरचा, चिवट गडी. वस्तादांनी ढाकेचा डाव मारला, बिरू मानेवर पडला. तो हललाच नाही.

"हलगी कडाडली, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी वरनं वरडतोय, थांबा, त्येला बघू द्या. कोन ऐकतंय! फेटा बांधला, डोळ्यांत गुलाल. मिरवत पार गावाभाईर न्हेलं. माघारी आलो तवा मैदानात काळं कुत्रं न्हवतं."

"मग? जाऊन विचारायचं!"

"आन न्हाई उठला, आसं म्हनले तर?"

त्यानंतर वस्ताद लाल मातीत उतरले नाहीत. गाव समजत होतं, माणूस जिंकून थांबला.

मी पडलो मास्तर. कोरं उत्तर बघवत नाही. पुढच्या सुट्टीत वस्तादांना आटपाडीच्या एस्टीत घातलं. घातलं म्हणजे मी, कंडक्टर आणि तीन प्रवासी. मांडीवर बिरूसाठी तुपाचा डबा घेऊन बसले ते देवासमोर बसल्यासारखे. कडेगावच्या स्टँडवर डब्यासकट खाली उतरले. "गुर्जी, ऱ्हाऊ द्या. न कळल्यालं बरं." पुन्हा आत घालताना एस्टीची एक बाजू चारेक बोटं दबली.

आटपाडीत चहावाल्याला बिरूचं नाव विचारलं. त्यानं बशी न ठेवताच हात केला. "त्यो काय, बाभळीखाली."

खरोखरच बाभळीखाली एक वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस मेंढी पायात धरून लोकर कातरत बसला होता. वस्तादांनी माझा खांदा धरला. आठ दिवस तो खांदा मला वर उचलता आला नाही.

"मी गनपत. साताऱ्याचा."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "वळखलं की. लय सुटलायसा."

वस्तादांनी डबा खाली ठेवला. 

"गड्या, त्या दिशी… उठलास कवा रं?"

बिरूनं मेंढी दुसऱ्या अंगावर वळवली आणि कातर लावली.

"लगीच. सहाची यस्टी व्हती."