बुवांना मेथी कच्चीच

"आवं भावजी, बुवांकडं तेवढं बघा," वडाप जीपमध्ये एक पाय टाकता टाकता अंजनावैनी म्हणाल्या. "लय म्हातारं झाल्यात. पाय चालत न्हाईत. मेथी निवडून द्या, कच्चीच. च्या, साखर, भाकरी काय बी न्हाई. पाय गरम फडक्यानं शेका, चोळा. निजलं की मधनं मधनं कूस बदला. आन् लंगोट ओला झाला तर नवा कपाटावर ठेवलाय!"

जीप सुटली. शेजारच्या भरतेशच्या लग्नाला वैनी आणि त्यांचे यजमान आकाराम सांगलीला निघाले, आणि आष्ट्याच्या त्या घरात चुलत दीर केरबा एकटा उरला. तो माणमधून काल उशिरा आला होता आणि ओसरीवरच आडवा झाला होता. आला होता तो संध्याकाळच्या कीर्तनासाठी. मेंढरांमागे हिंडतानासुद्धा ज्याच्या तोंडी टाळाचा ठेका असतो, असा तो माणूस. वैनींच्या घरात साक्षात कीर्तनाचे बुवा उतरलेत आणि त्यांची सेवा आपल्या वाट्याला आली, म्हणून त्याचा ऊर भरून आला.

पण बुवा सापडेनात. त्याने माजघर पाहिले, न्हाणी पाहिली. मागच्या सोप्यात एका टोपलीत, मऊ चादरीवर, पांढरा ससा मागचे पाय पसरून पडला होता. बाकी कोणी नाही.

"बुवा कुठं गेलं रं?" केरबाने सशालाच विचारले.

सशाने एक कान वर केला. केरबाला त्यातून काही बोध झाला नाही. चालता न येणारा माणूस घरातून जातो कुठे?

इतक्यात दारात मोटारसायकल थांबली. देवळाचे बाळासो पाटील एका थोराड, पिकल्या माणसाला आधार देऊन उतरवत होते. "केरबा, हे वाईचे बुवा. देवळाच्या खोलीत पाणी न्हाई. सांजच्यापर्यंत हितंच पडू द्यात. गुडघ्यांनी बेजार हायत."

"सापडलं एकदाचं!" केरबाने धावत जाऊन पाय धरले. "आवं बुवा, असल्या पायांनी भायेर जाता व्हय?"

बुवा गोंधळले. पण दमले होते, म्हणून आत येऊन टेकले. "जरा चहा मिळाला तर..."

"च्या न्हाई."

"मग भाकरीचा तुकडा?"

"भाकरी तर मुळीच न्हाई." केरबाने निवडलेल्या मेथीचे ताट पुढे ठेवले. "खावा."

बुवा ताटाकडे बघत राहिले. "फोडणी?"

"वैनी म्हणल्या, कच्चीच."

बुवांनी गावोगावचे यजमान पाहिले होते. कुणी दुधाने पाय धुतात, कुणी अंगावर फुले उधळतात. आष्ट्याची रीत अशी असेल, म्हणून त्यांनी देवाचे नाव घेऊन चार काड्या चघळल्या आणि आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच केरबाने त्यांना खांद्याला धरून भिंतीकडे वळवले. पुन्हा लागला, तर दाराकडे वळवले.

"अहो, हे काय चाललंय?"

"कूस बदलतुया. तुमी निजा निवांत." मग केरबाने कपाटावरचा लंगोट आणला. तो तळहाताएवढा होता. त्याने एकदा लंगोटाकडे पाहिले, एकदा बुवांच्या घेराकडे. "बुवा, हे तुमाला बसतं तरी कसं?"

"काय?"

"ओला झालाय का, तेवढं सांगा. मी बघत न्हाई."

बुवांचा चेहरा पूर्वरंगातच पद विसरल्यासारखा झाला. तेवढ्यात फोन वाजला.

"भावजी, बुवांनी खाल्लं का?"

"चार काड्या, वैनी."

"आगं बया! त्येंचं पोट रिकामं ऱ्हायलं तर आतडं बंद पडतं, जीवच जाईल! फडताळात सिरिंज हाय, पपईचा गर हाय. चादरीत गच्च गुंडाळा आन् तोंडात सोडा. ओरबाडलं तरी सोडू नगा!"

केरबाने फोन ठेवला. एवढा मोठा कीर्तनकार, आणि आपल्या हातून जायचा! त्याने चादर उचलली. मेंढरं धरणारे हात ते. बुवा "अहो, मी माझ्या हाताने खातो!" म्हणेपर्यंत गळ्यापर्यंत गुंडाळले गेले होते.

"बुवा, हात जोडतो, जीव वाचवा! एवढी मेथी तरी खावा, न्हाईतर ही सिरिंज हाय."

"चादर सोडा, ठेवा ताट," बुवा क्षीण आवाजात म्हणाले. "आणि जरा पाणी आणा बघू."

केरबा पाणी घेऊन आला तर ताट लख्ख रिकामे, आणि सोप्यातून बुवा सावकाश परत येत होते. केरबाच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्याने गरम फडक्याने त्यांचे गुडघे असे शेकले, असे चोळले, की बुवा घोरू लागले.

दिवस कलताना वैनी परतल्या आणि थेट सोप्यात धावल्या. टोपली रिकामी.

"भावजी! बुवा कुठं हायत?"

"देवळात गेलं की. मी आंघुळीला गेलतो, तवाच गेलं."

"गेलं? कसं?"

"चालत."

वैनींनी टोपलीतली चादर उलथून पाहिली. "चालत? वरीस झालं, पाऊल उचललं न्हाई त्येंनी!"

"चोळलं की मी."

"कुत्र्यानं नेलं असंल हो!" म्हणत वैनी अनवाणी देवळाकडे सुटल्या. वाईच्या बुवांना कुत्रं कसं नेईल, हे न कळून केरबाही मागे पळाला.

देऊळ भरले होते. बुवा पायांवर ताठ उभे होते आणि त्यांच्या उपरण्याच्या झोळीत, कान बाहेर काढून, ससा बसला होता. वैनींचा जीव भांड्यात पडला.

"मंडळी," बुवा म्हणाले, "बरेच महिने मी बसून कीर्तन करतो. आज उभा आहे, तो या केरबांच्या हातांमुळे. आणि जिवंत आहे, तो या मुक्या सोबत्यामुळे. सगळी मेथी यानं खाल्ली. म्हाताऱ्याला एकटा कसा ठेवू, म्हणून घेऊन आलो. वहिनी, नाव काय याचं?"

वैनींनी पदर तोंडाला लावला. पुढचे दोन पाय छातीशी जोडून तो कीर्तनाला उभं राहिल्यासारखा बसायचा, म्हणून लेकीनं लहानपणी ठेवलेलं नाव. भर देवळात सांगायचं कसं?

केरबाने वैनींकडे पाहिले, सशाकडे पाहिले, मग वाईच्या बुवांकडे. मेथी, चादर, तो तळहाताएवढा लंगोट, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले.

"बुवा!" त्याच्या तोंडून निघून गेले.

एकाने मान वळवली, दुसऱ्याने कान.