चार दरवाजे, तेवीस मोटारी

निमगाव साव्याच्या नदीकाठी रविवारी सकाळी आठ वाजता पाणी उपसणाऱ्या तेवीस मोटारी होत्या. एकोणीस चालू, तीन बंद आणि एक सोमाजीची. तिच्यातून भरपूर पाणी येतं असं छातीठोकपणे सांगणारा गावात एकटा सोमाजीच होता. अमृताने मुद्दाम घड्याळ लावून मोजलं. दोनशे लिटरचं पिंप भरायला सत्तावन्न सेकंद लागले.

पाणी कमी येण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पाण्यातल्या पाइपांच्या तोंडाला जलपर्णी अडकली होती. पाणीवाटप संस्थेचे सचिव राजरत्न, म्हणजे अमृताचे वडील, तीन वर्षं सांगत होते, की एकाच दिवशी सगळ्या मोटारी वर काढू आणि नदीचं पात्र साफ करू. एकट्याने काढून उपयोग नव्हता. शेजारची जलपर्णी तासाभरात सरकून येई. प्रत्येक जण म्हणे, "आधी बाकीच्यांचं बघा की राव." आज दुपारच्या सभेत शेवटचं विचारायचं, नाहीतर पद सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. राजीनामा खिशात तयार होता.

संस्थेच्या ग्रुपवर त्यांच्या नावाने सूचना टाकायचं काम अमृताचं. लॅपटॉपवर एका खिडकीत तो ग्रुप उघडा होता, दुसरीत तिचा 'सप्तद्वीप' हा ऑनलाइन खेळ. तिथे सात जण आपापलं पात्र घेऊन मिळून एक गोष्ट लिहीत. अमृता एका बेटावरच्या धरणाची द्वाररक्षक होती.

"ह्यात मिळतं काय गं?" राजरत्नांनी विचारलं.

"आपण एक वाक्य टाकायचं, पप्पा. पुढचा त्याला नाही म्हणत नाही, भर घालतो. गोष्ट अशा ठिकाणी जाते, की आपल्यालाही ठाऊक नसतं. एकटीने बसून ते जमत नाही."

"सहा जण ऐकत्यात तुझं! मला एक मिळंना."

अमृता हसली, वाक्य पाठवलं आणि चहा ठेवायला गेली. ते चुकून गेलं पप्पांच्या ग्रुपवर: "चारही दरवाजे उघडले. पाणी तासाभरात पोचेल. पात्रात काही ठेवू नका."

ती अकरा मिनिटांनी परतली तेव्हा संस्थेचा सभासद कपिल याने लिहिलं होतं, "पिंपळवंडीकडचा पूल पाण्याखाली गेला म्हणत्यात." त्याखाली सोमाजी होता. "आपल्याकडं बी चढायला लागलं. म्या डोळ्यानं पाह्यलं." जानकाबाईंनी आवाज पाठवला होता. "आरं लिहीत काय बसलाय? ट्रॅक्टर आना!"

अमृताने घाईने मूळ संदेश पुसला. लगेच कपिलचं उत्तर आलं, "वरून दबाव आला वाटतं. म्हंजे लई पाणी हाय."

पाऊण तास फोन लावले, कुणी उचलेना. शेवटी बापलेक गाडीवरून नदीवर पोचले तेव्हा तीन ट्रॅक्टर मोटारी ओढत होते. बावीस वर आल्या होत्या. तेविसावीला दोर बांधून सोमाजी ओरडत होता.

"थांबा!" अमृता म्हणाली. "तो मेसेज माझ्या खेळातला होता, एका बेटावरच्या धरणाचा. चूक माझी आहे, पप्पांची नाही."

"खेळातला कसा?" सोमाजी चिडला. "मी पाणी चढताना बघितलंय!"

अमृताने खुणा केलेली काठी पाण्यात रोवली. पंधरा मिनिटं सगळा काठ काठीकडे बघत राहिला. पाणी खुणेवरून हललं नाही.

"चढलं व्हतं," सोमाजी म्हणाला. "तुमी यायच्या आत उतरलं."

राजरत्नांनी हळूच विचारलं, "म्हंजे हे समदे मघापासून तुझाच खेळ खेळत्यात?"

"हो. नियम न सांगता. आणि आमच्यापेक्षा छान."

जानकाबाई जवळ आल्या. "ये पोरी, त्या बेटावर मला बी घे. पन मी राणी न्हाई व्हनार. मी वैरीण."

"मी पाणी मोजनारा," सोमाजी म्हणाला.

एवढ्या वेळात सोमाजीचीही मोटार वर आली होती. राजरत्नांनी मोटारी मोजल्या. काठावर तेवीस. पात्रात शून्य. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"आता वर आल्याच हायत, तर कोयते घ्या. जानकाआक्का, तुमी वैरीण ना? जलपर्णी तुमची फौज. बघू कशी वाचवता!"

"हात तर लावून बघा!" म्हणत जानकाबाईंनीच पहिला भारा बाहेर ओढला.

दुपारची सभा झालीच नाही. सगळे सभासद गुडघाभर पाण्यात होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला राजरत्न थांबवून सांगत होते, "तीन वर्षं मी भाषणं दिली. माझ्या लेकीनं तीन वाक्यांत नदी मोकळी केली."

संध्याकाळी मोटारी पुन्हा बसल्या. अमृताने सोमाजीच्या पाइपाखाली तेच पिंप ठेवलं आणि लिहायला कागद मागितला. राजरत्नांनी खिशातला राजीनामा काढून उलटा करून दिला. तिने त्यावर लिहिलं:

सोमाजी, दोनशे लिटर. सकाळी ५७ सेकंद. संध्याकाळी ३१.