टक्क की ढब्ब

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते लेकीकडे राहायला आले आणि डॉक्टरांनी सांगितलं, "बाथरूममध्ये धरायला एक दांडा बसवून घ्या." एवढंच. शहाण्या माणसाने प्लंबरला फोन केला असता. पण बायकोने फोन उचलताच जावईबापू म्हणाले, "दोन स्क्रू तर आवळायचेत! त्याला माणूस कशाला?" (ऑफिसात त्यांच्या टेबलाचा अडकलेला ड्रॉवर रोज शिपाई उघडून देतो, हे त्या क्षणी त्यांना आठवलं नाही.)

बाथरूम आणि बेडरूम यांच्यामधली भिंत म्हणजे नुसतं पार्टिशन. दोन्हीकडे बोर्ड, मध्ये हवा. बाथरूमच्या अंगाला टाइल्स, म्हणून दिसायला भारदस्त. टाइल ओलांडली आणि ड्रिल अल्लाद आत गेलं. "हाताला गुण असावा लागतो," जावईबापू म्हणाले. मग स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली, ती भिंतीच्या पोटात पडली. दुसरी ठोकली, ती पहिलीला भेटायला गेली. पुढच्या कशाबशा अडकल्या, दांडा बसला आणि जावईबापूंनी ऐटीत त्यावर भार टाकला. दांडा हातातच राहिला आणि ते बादलीत बसले. बादली नवी होती.

"तुमच्या जागी बाबा असते तर?" बायको एवढंच म्हणाली. पण ते बादलीपेक्षा जास्त लागलं.

हार्डवेअरवाल्याने सांगितलं, "पोकळ भिंत आहे साहेब. आत उभ्या लाकडी पट्ट्या असतात, स्क्रू त्यांच्यातच गेला पाहिजे. टाइल्सवरून कळायचं नाही, पलीकडून ठोकून बघा. पोकळ असेल तिथे ढब्ब वाजेल, लाकूड असेल तिथे टक्क."

जावईबापू तडक बेडरूममध्ये शिरले, भिंतीला कान लावला आणि ठोकायला लागले. ढब्ब. ढब्ब. ढब्ब.

"आहे, आहे!" आतून आवाज आला.

एकदा काम हाती घेतलं की जावईबापूंना दुसरं काही ऐकू येत नाही. (हाती काम नसतानाही बायकोचं फारसं ऐकू येत नाही, ते वेगळं.) ढब्ब. ढब्ब.

"अहो, अंगाला साबण आहे!"

ढब्ब. ढब्ब. ढब्ब.

"आलो! आलो एकदाचा!"

कानामागे फेस, कमरेला टॉवेल, हातात काठी अशा थाटात सासरे बाहेर आले आणि थेट बॅग भरायला लागले.

"दुसऱ्याच्या घरी किती राहावं ते कळतं मला," ते शर्टाची घडी घालत म्हणाले. "पण आंघोळ तरी पुरी करू द्यायची!"

बायको धावत आली. "तुम्ही बाबांना बाथरूममधून बाहेर काढलंत?"

"मी लाकूड शोधत होतो!"

"बाबा आत असताना?"

"ते आत आहेत हे मला काय माहीत?"

"मग ठोकत कोणासाठी होतात?"

जावईबापूंना रडूच यायचं बाकी राहिलं. सासऱ्यांवर त्यांचा खरोखर जीव होता. सगळा खटाटोप म्हाताऱ्याने सुखाने राहावं म्हणून, आणि म्हातारा निघाला! त्यांनी हात जोडले, उरलेल्या गिट्ट्या दाखवल्या, शेवटी फुटकी बादलीही दाखवली. बादली बघून सासरे जरा विरघळले.

"बरं. मी आत स्टुलावर बसून ऐकतो, तुम्ही बाहेरून ठोका. पण आज दांडा बसला नाही, तर मी निघालो."

बायको कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात गेली.

"ढब्ब!" आतून सासरे ओरडले. "ढब्ब! अजून ढब्बच! जरा डावीकडे घ्या!"

"तुमच्या डावीकडे की माझ्या?"

"मला काय विचारता? ठोका! ...टक्क! टक्क आलं!"

जावईबापूंनी पेन्सिलीने खूण केली आणि सासऱ्यांचं मत बदलायच्या आत ड्रिल चालवलं. लाकडाचा भुसा पडला! असंच ठोकत दुसरी पट्टी सापडली. स्क्रू कचकचून आवळले. जावईबापू दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळले. दांडा तसूभर हलला नाही.

"बाबा, बसला! आता बिनधास्त धरा!"

आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"काय धरू?"

जावईबापूंनी दांड्याकडे बघितलं. मग पलंगाकडे. मग पुन्हा दांड्याकडे. बाथरूमचा दांडा बेडरूममध्ये, नेमका त्यांच्या उशीच्या वर, जन्मभर टिकेल असा बसला होता.

सासरे काठी टेकत बाहेर आले, पाठोपाठ बायकोही. सासऱ्यांनी दांडा धरून ओढला, अंगाचा सगळा भार टाकून बघितला. "काम मात्र पक्कं आहे हं, जावईबापू," ते म्हणाले. मग भरलेली बॅग उचलली आणि त्याच दांड्याला अडकवली.

"त्या प्लंबरला फोन लाव गं," ते लेकीला म्हणाले. "आणि मी काही जात नाही. तुला एकटीला यांच्या भरवशावर टाकून कसा जाऊ?"