खिडकीला सांगायचं नाही

पांढरीपांडे काकांना काहीही झालं तरी ती सर्दीच असायची. गुडघा सुजो, दाढ ठणको, पोट बिघडो, दवाखान्याच्या खिडकीशी ते एकच नाव घेत.

याला कारण त्यांची नोकरी. जबलपूरच्या ज्या कारखान्यात आमची निम्मी कॉलनी लष्करासाठी काहीबाही बनवायची, तिथे काकांची उभी हयात गेली. आत काय बनतं ते बाहेर बोलायचं नाही, असा तिथला नियम. बाकीचे तो फाटकापुरता पाळत. काकांच्या तो अंगातच भिनला. ते नट करतात की बोल्ट, हे काकूंनाही कधी कळलं नाही. निवृत्तीनंतर लपवायला कारखाना उरला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचं शरीर लपवायला घेतलं.

त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. कारखान्याच्या दवाखान्यात पर्ची, म्हणजे केसपेपर, काढायची तर खिडकीतले दुबेजी आधी कार्ड मागत आणि मग शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं विचारत, "क्या तकलीफ़ है?" रांगेत सगळी आपलीच कॉलनी. रोग्याच्या आधी रोग घरी पोचायचा. एका बाईंनी तिथे 'शुगर' म्हटलं, तर संध्याकाळी सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण त्यांच्यापुढून न थांबता निघून गेला.

काका भांडत. "दुबेजी, कार्ड मेरा, हक़ मेरा, तकलीफ़ भी मेरी. खिडकीला काहून सांगू?" रागावले की त्यांची हिंदी अशी मध्येच मराठीत उतरायची. दुबेजी मुकाट्याने 'सर्दी' लिहीत. मूळव्याधीच्या वेळी तर रिकामा बाक सोडून काका सगळा वेळ उभे होते, आणि अख्खी रांग त्यांच्या सर्दीला मनातल्या मनात हसत होती. आत डॉक्टरांनी घसा बघायला बॅटरी काढली, तर काका म्हणाले, "पहिले दार लावा."

असा हा माणूस एका सकाळी माझ्याकडे आला. मी त्यांचा शेजारी. "बापू, तुझ्या काकूला दाखवायचं आहे. तू चल ना सोबत."

आम्ही तिघं रिक्षाने गेलो. काकू बाकावर बसल्या. काका खिडकीशी गेले आणि चक्क रांगेकडे तोंड करून म्हणाले, "दो पर्ची. इनको सर्दी है. और मैं भूलने लगा हूँ. उस दिन सराफे में घर का रास्ता ही भूल गया."

दुबेजींचं पेन थांबलं. मीही चाटच पडलो. काकांनी रोगाचं नाव घेतलं होतं, तेही खड्या आवाजात.

आत नर्स काकूंना वजन करायला पडद्याआड घेऊन गेली. मी बाहेर पडायला लागलो, तर काका म्हणाले, "थांब. दार लाव." मग हळू आवाजात डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मी ठणठणीत आहे. ती विसरून राहिली. सराफ्यात तीच हरवली होती. कार्डावर तिचं नाव आहे, इलाज तिच्या हक्काचा आहे. तो पुरता करा. पण लोकांनी तिच्याकडे पाहून कुजबुज केलेली मला चालणार नाही. बाहेर माझंच नाव राहू द्या."

डॉक्टरांनी काकूंच्या पर्चीवर खरं ते लिहिलं आणि औषधं आपल्या माणसाकरवी आतच मागवली. "घरी लक्ष ठेवायला आणखी कोण आहे?" त्यांनी विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला कशाला आणलं ते तेव्हा कळलं.

कॉलनीने काकांना विसरभोळे ठरवून टाकलं. पोरं मुद्दाम वार विचारत. काका मुद्दाम चुकीचा सांगत.

एका संध्याकाळी मी गेलो, तर दोघं अंगणात मटार सोलत बसले होते. "बापू, यांच्यावर लक्ष ठेव रे बाबा," काकू म्हणाल्या. "हे सारं विसरून राहिले. मी रोज यांच्याकडून घरचा पत्ता पाठ करून घेते." आणि काकांकडे वळल्या. "म्हणा, हनुमान मंदिराची गल्ली..."

"हनुमान मंदिराची गल्ली," काका म्हणाले.

"घर नंबर..." काकू थांबल्या. पुढचं त्यांना येईना. त्या हातातल्या शेंगेकडे बघत राहिल्या.

काकांनी थोडा वेळ जाऊ दिला. मग कपाळाला आठ्या घालून, अंधारात चाचपडल्यासारखं विचारलं, "सतरा का गं?"

"बरोबर," काकू खुलल्या. "पाहा, येऊन राहिलं तुम्हाला."

"तू शिकवतेस म्हणून," काका म्हणाले.