अकराचा गुण

रक्तवाढीच्या नव्या औषधाचा गुण आला, असं संगणक छातीठोकपणे सांगत होता. संशोधन विभागातल्या आकडेताईंना मात्र ते पटेना. आकड्यांशीच संसार मांडल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. बायकांच्या वॉर्डातल्या हस्तलिखित वह्या यंत्राकडून वाचून घ्यायच्या आणि त्यातून औषधाचा उपयोग शोधायचा, हे त्यांचं दोन वर्षांचं काम. सोमवारी अहवाल समितीपुढे ठेवायचा होता. ठोस निकाल नसेल तर अभ्यास बंद, असं समितीने आधीच बजावलं होतं.

"सगळ्या बायकांचं हिमोग्लोबिन अकरावर आलंय. आणखी काय हवं?" मोठे डॉक्टर म्हणाले. औषध म्हणजे त्यांचं लाडकं अपत्य.

"सर, सगळ्यांचं बरोबर अकरा कसं? आणि ही बाई बघा. पहिल्या आठवड्यात वय चौतीस, दुसऱ्या आठवड्यात अकरा."

"औषध मानवलंय तिला."

"मुलंही दोनाची अकरा झालीत, सर."

डॉक्टरांना एकदम राउंडची आठवण झाली.

ताईंनी कंबर कसली आणि मूळ वह्या उघडल्या. वरच्या ओळीतलंच खाली लिहायचं असेल तिथे वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरांनी दोन उभे फराटे मारले होते. यंत्राने ते इमानेइतबारे अकरा म्हणून वाचले होते. ताईंनी फराट्यांच्या जागी वरचे आकडे भरले. वय चौतीसवर आलं, मुलं दोनावर आली आणि हिमोग्लोबिन सात-आठावर जे बसलं ते शेवटपर्यंत हललं नाही. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेलेली बघून ताईंना रडूच आलं. पण डोळे पुसून त्या थेट वॉर्डात गेल्या.

"सिस्टर, दर आठवड्याला खरंच तपासलं होतं, की नुसतेच फराटे?"

"तपासल्याशिवाय मी पेन उचलत नाही," सिस्टर फणकाऱ्याने म्हणाल्या. "सात होतं ते सात, आठ होतं ते आठच राहिलं. औषध पोटात गेल्याशिवाय रक्त वाढतं होय?"

"पण वहीत रोज 'औषध दिलं' असं लिहिलंय."

"दिलंच की. मी पाठ फिरवली की ते खिडकीतल्या कुंडीत. कडूजहर आहे ते. तुमच्या वहीत 'दिलं का' असा रकाना होता, 'प्यालं का' असा नव्हता. आणि मला कुणी विचारलंही नाही."

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि आवाज खाली आणला. "अहवालात अकराच राहू द्या. एवढ्या वह्या कोण उघडून बघतंय?"

"मी बघितल्यात ना, सर," ताई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी समितीला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे औषध निरुपयोगी," अध्यक्षांनी फाइल मिटली.

"तसं म्हणता येणार नाही. ते अजून कुणी प्यालेलंच नाही. चव सुधारून पुन्हा अभ्यास करायला एक वर्ष द्या."

"चवीसाठी वर्ष? कडू कडू म्हणजे असून असून किती कडू असणार?"

ताई याचीच वाट बघत होत्या. त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि पाचही सदस्यांपुढे एकेक चमचा धरला. मोठ्या डॉक्टरांनाही नाही म्हणता आलं नाही. सगळ्यांनी गिळलं. मग ताईंनी शांतपणे विचारलं, "मुदतवाढीला कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला."

पाच मिनिटं कुणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. ताईंनी इतिवृत्तात लिहून टाकलं, 'ठराव एकमताने मंजूर.'