पंधरा वर्षांच्या शरयूताई

आमच्या शेजारच्या शरयूताई एकसष्ट वर्षांच्या आहेत, पण त्यांना फोन केला तर बऱ्याचदा पंधरा वर्षांचा मुलगा बोलतो. "आई मार्केटला गेलीय. पर्सनल लोन? मी घेऊ का? मला सायकल हवीय." समोरचा घाईघाईने फोन ठेवतो आणि शरयूताई निवांत भाजी निवडायला लागतात.

त्या डबिंग करतात. कार्टूनमधले उंदीर, जाहिरातीतली हट्टी पोरं, सगळे कळव्यातल्या आमच्या मजल्यावरच राहतात म्हणा ना. कामाची सवय घरीही सुटत नाही. दूधवाला पुटपुटला की, "परत घेऊ! शेवटचा शब्द खाल्लास." सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाणीकपात जाहीर केली, तर त्यांनाही परत बोलायला लावलं. "पाणी जाणारय हो. जरा दुःख दिसू दे."

गेल्या वर्षी एक ब्रिटिश सिनेमा मराठीत यायचा होता. समुद्राकाठच्या गावातली शाळकरी पोरं, त्यांच्या भानगडी, फजितीची प्रेमं आणि घरातून पळून जाणारा नायक. शरयूताईंना त्या नायकाचा आवाज हवा होता. डबिंगचा डायरेक्टर नील, वय पंचवीस-सव्वीस. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आजी करा ना. हिरोला खराखुरा टीनएजर पाहिजे."

"आजी कोणीही करेल. मला एकदा ऐक, नाही आवडलं तर हाकलून दे."

नीलने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शरयूताई डबा घेऊन माजिवड्याच्या त्या स्टुडिओत जाऊन बसल्या. मग रोजच. मी म्हटलं, "ताई, कशाला अपमान करून घेताय?" तर म्हणाल्या, "अरे समीर, एसी आहे तिथे."

आणि झालं काय, तर निवडलेल्या खऱ्याखुऱ्या टीनएजरचा आवाज अर्ध्या सिनेमातच फुटला. सकाळी पोपट, दुपारी म्हैस. नील डोकं धरून बाहेर आला. समोर शरयूताई डब्यातली पोळी खात होत्या.

काम मिळालं, तर यांनी स्क्रिप्टशीच भांडण काढलं. "'मित्रा, तू उदास का आहेस?' हा पोरगा आहे की बातम्या देणारा?" मग मला घेऊन एका कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर बसल्या, पोरांचं बोलणं ऐकत. एकाने टोकलंच, "काय आजी, आमच्यावर वॉच ठेवलाय काय?"

"परत घेऊ!" शरयूताई खूश. "तो 'काय' जरा लांबव." पोरगा गोंधळला, पण लांबवला त्याने. दुसऱ्या दिवशी सिनेमातला नायक मित्राला म्हणाला, "काय रे, फ्यूज उडाला काऽय?" काचेपलीकडे नील हसून हसून खुर्चीवरून घसरला.

सिनेमा टीव्हीवर आला त्या रविवारी शरयूताईंनी आम्हा नवरा-बायकोला आणि नीलला जेवायला बोलावलं. पोटभर जेवून टीव्हीसमोर बसलो. त्यांच्या नव्वदीच्या आई बाजूच्या कॉटवर पडून होत्या. त्यांना आता दिसत नाही, फारसं आठवतही नाही. कधीकधी शरयूताईंनाच विचारतात, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

आम्ही हसत होतो. शेवटी तो पळालेला मुलगा घरी परततो, दार लोटतो आणि म्हणतो, "आई, आलो गं."

कॉटवरून आवाज आला, "बंड्या? किती उशीर रे!"

बायकोने माझ्या कानात सांगितलं. बंड्या म्हणजे शरयूताईंचा धाकटा भाऊ. दहावीत असताना तापाने गेला. नीलने हळूच टीव्ही बंद केला.

"बंड्या, आहेस ना रे?" म्हातारीचा हात हवेत चाचपडायला लागला.

शरयूताई उठून कॉटजवळ जमिनीवर बसल्या. आईचा हात हातात घेतला. "आहे ना आई." आवाज पंधरा वर्षांचा.

"जेवलास?"

"नाही अजून."

"मग शरयूला सांग, वाढेल ती. तुझ्यासाठी झाकून ठेवते रे रोज. तिला त्रास देऊ नकोस, गुणी आहे माझी पोर."

शरयूताई उठल्या. मग स्वयंपाकघरातून वरणभाताचं ताट घेऊन आल्या, पुन्हा तिथेच खाली बसल्या आणि भरल्या पोटी सगळा भात जेवल्या. म्हातारी शेवटच्या घासापर्यंत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.